मोल, हुंडणावळ आणि व्याज : किमतीच्या शब्दांची ओळख

वाराणसीत मणिकर्णिकेच्या उत्तरेस शिंद्यांचा घाट ओलांडला की संकठा देवीच्या मंदिरावरून ओळखला जाणारा संकठा घाट लागतो. त्याच्या पुढे काही अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. या परिसरात येणाऱ्या मराठी यात्रेकरूला दिवसभरात अनेकदा पैसे द्यावे लागतात. मात्र दर वेळी त्या पैशांचे नाव निराळे असते. नावाड्याला भाडे, फुलवाल्याला हाराची किंमत, पूजा सांगणाऱ्या गुरुजींना दक्षिणा, ओझे उचलणाऱ्याला हमाली. रुपया तोच, पण शब्द बदलला की व्यवहाराचे स्वरूप बदलते. हाराची किंमत दिली की हार आपला होतो, भाडे दिल्याने नाव आपली होत नाही. किमतीत घासाघीस चालते, दक्षिणेत ती शोभत नाही. पैसा कशासाठी दिला जात आहे, हे त्याचे नावच सांगते.

शब्दांची कुळे

मराठीत असे शब्द विपुल आहेत. ‘मूल्य’ आणि त्यापासून झालेला ‘मोल’ हे संस्कृतातून आले. ‘किंमत’ अरबीतून, तर ‘दर’ आणि ‘खर्च’ फारसीतून. संस्कृतात ‘अर्घ’ म्हणजेही मूल्य. ज्याचा अर्घ मोठा ते ‘महार्घ’, म्हणजेच आपले ‘महाग’. त्यावरूनच ‘महागाई’ हा शब्द आला. उलट ‘समर्घ’पासून ‘सवंग’ झाले. प्रारंभी त्याचा अर्थ केवळ ‘स्वस्त’ असा होता. पुढे त्याला ‘हलक्या दर्जाचे’ अशी छटा चिकटली. गंगेच्या पाण्यात उभे राहून सूर्याला दिले जाते ते ‘अर्घ्य’ही याच कुळातील होय.

‘णावळ’ या प्रत्ययाने मराठीने कामाच्या मोबदल्यासाठी स्वतंत्र शब्दच घडविले. दागिना घडविण्याची ती घडणावळ, दळून देण्याची दळणावळ. ‘खाणावळ’ म्हणजेदेखील मुळात जेवणाचा मोबदला. पुढे तेच जेवणाच्या जागेचे नाव झाले. हा भेद व्यवहारात फार उपयोगाचा आहे. सराफाकडे सोन्याचा भाव आणि घडणावळ निरनिराळी मांडलेली असते. दागिना विकताना सोन्याचा भाव हाती येतो, घडणावळ सहसा येत नाही. ज्याने दोन्ही रकमा मिळून ‘दागिन्याची किंमत’ एवढेच लक्षात ठेवले, त्याचा हिशेब तेव्हा चुकतो.

काशीची हुंडी

पेशवाईच्या काळात पुण्याहून काशीस रोख रक्कम नेणे जोखमीचे होते. म्हणून सावकाराकडे पैसे भरून काशीच्या पेढीवर हुंडी घेतली जाई. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनंतर मिळत ती मुदती. या सेवेचा मोबदला म्हणजे ‘हुंडणावळ’. वाटेची जोखीम आणि दोन्ही ठिकाणची पैशाची मागणी यांनुसार ती कमीअधिक होई.

खर्च एवढ्यावरच संपत नसे. त्या काळी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. चांदवडी, अंकुशी, बनारसी अशा नाण्यांचा कस आणि मान सारखा नसल्याने एका नाण्याऐवजी दुसरे घेताना ‘बट्टा’ कापला जाई. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एकसमान रुपया पाडल्यानंतर नाण्यांवरील बट्ट्याचे कारण हळूहळू नाहीसे झाले. मात्र ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार राहिला. हुंडी ‘वटविणे’ हा शब्दही टिकला. आज ‘धनादेश वटला’ असे म्हणताना आपण तोच वापरतो.

कर्जाची खरी किंमत

हुंडीवर लिहिलेली रक्कम आणि ती मिळविण्यास आलेला एकूण खर्च या दोन भिन्न गोष्टी होत्या. कर्जाचेही तसेच आहे. समजा, एक लाख रुपयांचे कर्ज वार्षिक १२ टक्के व्याजाने घेतले आणि वर्षअखेर ते एकरकमी फेडायचे आहे. प्रक्रिया शुल्काचे २,००० रुपये आरंभीच कापले गेले. हाती आले ९८,००० रुपये. फेडायचे १,१२,००० रुपये. करांचा विचार बाजूला ठेवला, तरी ९८,००० रुपयांवर वर्षाला १४,००० रुपये, म्हणजे सुमारे १४.२९ टक्के खर्च पडला. ‘व्याजदर’ या एका शब्दात हा खर्च मावत नाही.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ मधील परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे आवश्यक झाले. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. व्याज आणि इतर आकार मिळून होणारा वार्षिक दर त्यात नमूद असतो. विवरणात न दाखविलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही.

‘दंडव्याज’ या शब्दाची कथाही बोलकी आहे. कर्जाच्या अटी न पाळल्याबद्दलचा दंड पूर्वी व्याजदरात मिळविला जाई. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की तो ‘दंड आकार’ म्हणून वेगळा लावावा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवू नये. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. येथे शब्द बदलला आणि त्याबरोबर कर्जदाराचा बोजाही बदलला.

तेव्हा कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी ग्राहकाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : ही रक्कम कशाची? ती एकदाच द्यायची की वारंवार? तिच्यातील काही परत मिळणार का? काउंटरवरील कर्मचाऱ्यानेही ‘चार्जेस’ या एकाच शब्दात सारे न गुंडाळता व्याज, शुल्क, कर आणि दंड यांची नावे वेगवेगळी सांगावीत. नाव नेमके कळले की हिशेब सोपा होतो आणि पुढील तक्रारीचे कारणही बहुधा उरत नाही.