नव्या मोटारींचा सागरप्रवास

कारखान्यांत तयार झालेली मोटार विक्रेत्यापर्यंत निर्धोकपणें कशी पोहोंचते, याचा विचार आम्ही सहसा करीत नाहीं. समुद्रापलीकडे जावयाच्या मोटारी अनेक मजली जहाजांत चालवीत नेऊन रांगेनें उभ्या करितात व लाटांच्या हेलकाव्यांनीं त्या सरकूं नयेत म्हणून पट्ट्यांनीं घट्ट बांधितात. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. वरच्या मजल्यांवर भार फार झाल्यास जहाज डळमळूं लागतें. म्हणून तळच्या टाक्यांत पुरेसें पाणी ठेवावें लागतें.

ता. ८ सप्टेंबर २०१९ रोजीं ‘गोल्डन रे’ हें जहाज ४,१६१ वाहनें घेऊन अमेरिकेंतील ब्रन्स्विक बंदरांतून बाल्टिमोरकडे निघालें. टाक्यांतील पाण्याचे आंकडे हिशेबांत चुकीचे धरले गेल्यामुळें त्याच्या स्थैर्याचा अंदाज चुकला होता. वळण घेतांना तें कलंडलें. जहाजावरील चोवीसहि माणसें वांचलीं. पण त्यांतील चौघांना दुसऱ्या दिवशीं जहाजाचें पोलादी अंग कापून बाहेर काढावें लागलें.

‘गणित पुढें कशास उपयोगी पडणार?’ असें आम्ही विद्यार्थी नेहमीं विचारतों. त्या चौघांनीं काळोखांत काढलेली रात्र हेंच त्याचें उत्तर होय. मांडलेला हिशेब पुनः एकदां ताळून पाहण्याचा कंटाळा आम्हीं कधींहि करूं नये.