विधिमंडळातून महापौरपदाकडे : खुर्शीद नरिमन यांची कारकीर्द

राज्यशास्त्राच्या वर्गात 'स्थानिक स्वराज्य' हे प्रकरण आले की आपण लॉर्ड रिपनचे नाव व १८८२ हे साल पाठ करतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. बेळगाव-निपाणीच्या विद्यार्थ्याला मात्र ते इतक्या लवकर सोडून चालणार नाही. महापौरपदावरून आपल्याकडे काय काय घडले हे घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्या पदाच्या हाती प्रत्यक्ष सत्ता किती, याचा विचार क्वचितच होतो. तो करण्यासाठी प्रांतिक विधिमंडळ गाजवून मग महापौर झालेल्या एका गृहस्थाची कारकीर्द पाहू.

खुर्शीद फ्रामजी नरिमन यांचा जन्म १८८३ मधला. व्यवसाय वकिलीचा. ज्या मुंबई कायदे कौन्सिलात ते बसत, ते आपलेही कौन्सिल होते. कारण बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. त्यांचे नाव झाले ते बॅक बे प्रकरणात. समुद्र हटवून जमीन काढण्याची ही अवाढव्य योजना गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, हाती घेण्यात आली. काम रेंगाळले, खर्च मात्र फुगत गेला. नरिमन यांनी कौन्सिलात प्रश्नांची सरबत्ती केली आणि बाहेरही गैरकारभाराचे आरोप जाहीरपणे मांडले. हार्वे नावाच्या इंजिनिअराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून ते निर्दोष सुटले आणि योजना बरीच आटोपती घ्यावी लागली. (पुढे स्वातंत्र्योत्तर काळात त्याच बॅक बेत भर घालून जो भाग तयार झाला, त्याला नाव मिळाले नरिमन पॉइंट!)

असा हा सरकारला घाम फोडणारा सभासद १९३५ साली मुंबईचा महापौर झाला. 'महापौर' ही पदवीही तेव्हा नवी. १९३१ पर्यंत त्या पदाला अध्यक्ष म्हणत. मान मोठा, मुदत एका वर्षाची. पण १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने कारभाराची सत्ता आयुक्ताच्या हाती ठेवली होती, आणि आयुक्त नेमणार सरकार. महापौराने सभा चालवावी, शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करावे. कौन्सिलात साधे सभासद असताना ज्यांनी सरकारी खात्याला जाब विचारला, त्यांना महापौर झाल्यावर पालिकेच्या इंजिनिअराला स्वतःच्या अधिकारात हुकूम करता येत नव्हता.

१९३७ च्या निवडणुकीनंतर नरिमन मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होतील असे अनेकांना वाटत होते. काँग्रेस पक्षाने नेता निवडला बाळासाहेब खेर यांना. यामागे वल्लभभाई पटेल आहेत, असा आरोप नरिमन यांनी केला. गांधीजी व बहादूरजी यांनी चौकशी केली; निर्णय नरिमन यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांचे राजकीय जीवन जवळजवळ तेथेच थांबले. त्यांच्यावर अन्याय झाला की नाही, याचा वाद अजून मिटलेला नाही. मला एवढेच दिसते की, मुंबई शहरातली लोकप्रियता आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या आमदारांचा पाठिंबा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. महापौरपदाने पहिली वाढली, दुसरी नाही.

अमेरिकेत चित्र उलटे दिसते. टेनेसी राज्यात काउंटीला, म्हणजे ढोबळ मानाने आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाला, महापौर असतो. मतदार त्याला थेट चार वर्षांसाठी निवडतात आणि कारभाराचा प्रमुख तोच. टिम बर्चेट हे १९९५ पासून राज्याच्या दोन्ही सभागृहांत बसले आणि २०१० मध्ये नॉक्स काउंटीचे महापौर झाले. आठ वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. तेथे आमदारकी सोडून महापौर होणे ही पायउतार नाही.

आपल्याकडे वाट विरुद्ध दिशेची आहे. बेळगावचे महापौरपद भूषविलेले संभाजी पाटील २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून आमदार झाले. कर्नाटकाच्या १९७६ च्या महापालिका कायद्यातही आयुक्त सरकारनियुक्त आहे आणि महापौराच्या निवडणुकीत आमदार-खासदारांनाही मत आहे. शिवाय सरकार सबंध महापालिकाच बरखास्त करू शकते. बेळगावने हे दोनदा पाहिले. शहर महाराष्ट्रात सामील करावे असा ठराव ऑक्टोबर २००५ मध्ये झाला, तेव्हा विजय मोरे महापौर होते. पुढच्याच महिन्यात महापालिका बरखास्त झाली. २०११ मध्ये महापौर व उपमहापौर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत सामील झाल्यावरून पुन्हा तेच झाले. ठराव योग्य की अयोग्य, यावर आपल्याच महाविद्यालयात दोन मते असतील, आणि असोत. परंतु दोन्ही वेळी निवडून आलेल्या सर्वच नगरसेवकांची पदे गेली. ठरावाच्या बाजूच्यांचीही आणि विरोधकांचीही. नळ, गटार, दिवाबत्ती यांसाठी लोकांना थेट अधिकाऱ्याचे दार गाठावे लागले.

विद्यार्थ्यांनी या कायद्याची प्रत मिळवावी. वहीच्या पानावर मध्ये रेघ ओढून एका बाजूस महापौराचे अधिकार व दुसऱ्या बाजूस आयुक्ताचे अधिकार लिहावेत, आणि त्याखाली निपाणी नगरसभेच्या अध्यक्षाचे. चर्चामंडळाच्या पुढील बैठकीत ते पान घेऊन यावे.