अकरावी सायन्स की डिप्लोमा?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, गणितात हुशार. इंजिनीअर व्हायचं म्हणते. पुढे काय घ्यावं? – एक शेतकरी पालक, पहूर (ता. जामनेर)

उत्तर : दादा, अकरावी-बारावीची 2 आणि त्यानंतर डिग्रीची 4 वर्षं, म्हणजे एकूण 6. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात 3 वर्षांचा डिप्लोमा केला, तर पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तिथेही 6च. पण या वाटेत सीईटी नाही आणि तिसऱ्या वर्षीच नोकरीजोगं शिक्षण हाती असतं. गणित पक्कं असेल तर मी डिप्लोमाच सांगेन. डॉक्टरकीचा विचार मनात असेल तर मात्र अकरावीच.

ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना 8 लाखांच्या आत उत्पन्न असल्यास कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेल्या इंजिनीअरिंग प्रवेशाचं शिक्षण शुल्क 2024पासून पूर्ण माफ आहे. जामनेर तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर दाखलाही, निकालाआधीच काढून ठेवा.