सोलापुरातून परराष्ट्र मंत्रालयाकडे

प्रश्न : मी सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुत्सद्द्यांसाठी संशोधन करायला दिल्लीचीच पदवी लागते का?

उत्तर : अजिबात नाही. परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप देशभरातल्या पदवीधरांना खुली असते. मात्र अर्जाआधी स्वतःचं एक काम हाताशी हवं, आणि विषय तर तुमच्या गावातच आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये ते तिथेच वारले. भैय्या चौकातलं स्मारक जरूर पाहा, पण हारतुऱ्यांच्या फोटोंवर थांबू नका. सीमेवर तणाव असतानाही चिनी नेते त्यांचं नाव का काढतात, ते दोन पानांत मांडा. (तिसरं पान साहेब उलटत नाहीत.) इतिहासात रस नसेल तर टेरी टॉवेलची निर्यात घ्या; अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखानदार भरभरून बोलतील.