शाळेच्या अंगणातल्या कुंड्या आणि बाक : आम्ही चुकत चुकत घेतलेला पाठ



२०२४ च्या सुरुवातीला 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान आलं आणि गावोगावच्या शाळांची अंगणं रंगली, हे तुम्ही पाहिलं असेलच. आमच्याही शाळेत लोकवर्गणी जमली. जळगाव जामोद परिसरातली शाळा म्हणजे पालक बहुतेक शेतकरी, शेतमजूर. कापूस वेचणीच्या मजुरीतून कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. त्या पैशातून आम्ही सिमेंटच्या कुंड्या, रोपं आणि दोन लोखंडी बाक आणले. फोटो छान आले. पुढच्या एप्रिलपर्यंत निम्मी रोपं गेली होती, आणि बाकांवर दुपारी कुणी टेकतसुद्धा नव्हतं.

पैसे लोकांचे होते म्हणून मनाला लागलं. मग ठरवलं की झालं ते झालं, यातूनच मुलांसोबत पाठ घेऊ. तो पाठ तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही कुंड्या घ्यायच्या विचारात असाल तर आधी वाचा, मग दुकानात जा.

सुरुवात माझ्या चुकीपासून. आपला भाग तुम्हाला माहीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याला विहिरीचं पाणी गोडं, आणि पूर्णा नदीकडे उतरत जावं तसा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. बोअरचं पाणी खारं म्हणून शाळेत पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र बसवलेलं. त्या यंत्राच्या मागच्या नळीतून जे पाणी वाया जातं, ते बादलीत धरून आम्ही रोज कुंड्यांना घालत होतो. भिंतीवर 'पाणी वाचवा' असं चित्रही काढलं होतं. ही कल्पना माझीच, आणि मला तिचा अभिमानही होता!

फेब्रुवारीत कुंड्यांच्या काठावर पांढरी पूड दिसायला लागली. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, कुंडीले पावडर कोनं लावली?" सगळे हसले, मीही हसले. गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्या तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी दोन मग घातले. शेवटी एका विद्यार्थिनीचे आजोबा तिला घ्यायला आले होते, त्यांनी ती पूड बोटावर घेतली आणि म्हणाले, "हे झाड तहानीनं नाही मेलं मॅडम, तुमच्या पान्यानं मेलं. जिभीले लावून पाहा."

पूड खारट होती.

आता हेच गणित मुलांकडून करून घ्या, सोपं आहे. समजा यंत्रात १० लिटर खारं पाणी गेलं आणि ४ लिटर गोडं निघालं. मग उरलेल्या ६ लिटरमध्ये काय? जवळजवळ सगळं, म्हणजे १० लिटरमधलं मीठ. म्हणजे वाया जाणारं पाणी मूळ बोअरच्या पाण्याहूनही दीडपटीपेक्षा जास्त खारं. ते आम्ही रोज थोडं थोडं घालत होतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. शेतात निदान पावसाळ्यात ते खाली धुऊन जातं. कुंडीत जाणार कुठे? त्यात आपली काळी माती चिकणमातीची. खाऱ्या पाण्यातला सोडियम तिच्या कणांची रचना मोडतो, बारीक छिद्रं बुजतात, वरचा थर टणक होतो. मग पाणी घातलं तरी ते वरच तरंगतं, आणि आपण समजतो की कुंडी भरली.

प्रयोग असा घ्या. तीन वाट्यांत ओल्या कापसावर मूग ठेवा. एका वाटीला साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं गोडं पाणी, दुसरीला आरओचं वाया जाणारं, तिसरीला लिटरभर गोड्या पाण्यात एक लहान चमचा मीठ घालून केलेलं. वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटवून मुलांना रोज मोडाची लांबी पट्टीने मोजायला सांगा. परिसर अभ्यास, मापन आणि तक्ता तिन्ही होऊन जातात. आमच्याकडे दुसऱ्या वाटीबद्दल मुलांनी जो अंदाज बांधला तो माझ्या 'पाणी वाचवा'च्या चित्राखालीच चिकटवून ठेवला आहे. ते वाया जाणारं पाणी आता फरशी धुवायला आणि संडासात वापरतो. कुंड्यांना शक्य तेवढं गोडं पाणी. खारं घालायची वेळ आलीच तर बुडाच्या छिद्रातून थोडं बाहेर येईपर्यंत घालायचं, म्हणजे मीठ सोबत निघून जातं. आणि पावसाळ्यात कुंड्या स्लॅबखालून उघड्यावर न्यायच्या. आकाशातून फुकट धुणं मिळतं ते का सोडायचं?

छिद्राचं बोलले तर एक गैरसमज सांगायलाच हवा, कारण आपण सगळेच तो वर्षानुवर्षं शिकवत आलोय. कुंडीच्या बुडाला विटांचे तुकडे, गिट्टी टाकली की पाणी चांगलं झिरपतं, असं. छिद्र बुजू नये म्हणून एखादं खापर पालथं ठेवा, त्याला हरकत नाही. पण चार बोटं गिट्टीचा थर पाणी ओढून घेत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड गिट्टीत सहज उतरत नाही, ते गिट्टीच्या वरच अडून राहतं. म्हणजे मुळांना मिळणारी माती कमी, आणि ओल मुळांच्या आणखी जवळ.

हे फळ्यावर पटत नाही. भांडी घासायचा आयताकृती स्पंज आणा. पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं! स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. उथळ ताटलीसारख्या कुंडीत मुळं का कुजतात आणि खोल कुंडीत का टिकतात, ते तिसरीच्या मुलालाही कळतं.

आणि मग मुलांना विचारा की आपल्या घरात अशी खोल कुंडी कुठे आहे. आमच्या वर्गात आधी शांतता. नंतर एक मुलगी म्हणाली, "तुळशीवृंदावन." मला तर हे उत्तर सुचलंच नव्हतं. विचार करा, केवढी शहाणी रचना आहे ती. मातीला खोली आहे. शेळीचं तोंड सहज पोचत नाही, पण बाईच्या हातातला तांब्या पोचतो. दिव्याला कोनाडा आहे. बूड रुंद, त्यामुळे कलंडत नाही. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या संत्र्याच्या झाडांसाठी लाकडी चौकोनी पेट्या वापरत. थंडीत झाडं आत न्यायची म्हणून त्या हलवता येत आणि मुळं तपासायला त्यांच्या बाजू उघडता येत. त्यांना थंडीची अडचण, आपल्याला उन्हाची आणि शेळ्यांची. ज्याची त्याने आपल्या अडचणीप्रमाणे कुंडी केली. आपण मात्र फोटो पाहून घेतली.

बूड रुंद हवं, हे मी सहज लिहिलेलं नाही. आमच्या कुंड्यांत दोन उंच, कमरेत बारीक, फुलदाणीसारख्या होत्या. फाटकाशी शोभून दिसत. एके दिवशी मधल्या सुट्टीत दुसरीतला एक मुलगा काठाला लोंबकळला आणि कुंडी त्याच्या बाजूला कलली. त्याने पाय वेळेत मागे घेतला एवढंच. कुंडी फुटली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वजनाचा पाठ घेतला. धारकता शिकवताना आपण पुस्तकातली बादली आणि पेला घेतो, त्याऐवजी खरी कुंडी घ्या. आमची चौकोनी कुंडी आतून ४० सेमी लांब, ४० रुंद, ४० खोल. वरच्या वर्गाने घनफळ काढलं : ६४,००० घन सेमी, म्हणजे ६४ लिटर. खालच्या वर्गाने लिटरच्या डब्याने माती ओतून मोजली. ओल्या मातीचं एका लिटरला दीड किलो धरलं तरी ९६ किलो. कुंडीच्या भिंती अडीच सेमी जाड आणि बूड ५ सेमी, म्हणजे सिमेंट काँक्रीट सुमारे २७ लिटर. त्याचं लिटरला साधारण २.४ किलो, म्हणून जवळपास ६५ किलो. एकूण १६० किलोच्या आसपास! वर्गातल्या मुलांची वजनं आरोग्य तपासणीच्या नोंदीतून घेतली आणि किती मुलं मिळून एक कुंडी होते ते काढलं. हसत हसत सुरू झालं, पण उत्तर आल्यावर वर्ग गप्प झाला. दुसरी उंच कुंडी आम्ही त्याच आठवड्यात काढली. जड कुंडी बुटकी आणि रुंद असेल तर चांगलीच, कुणी ओढून नेत नाही. उंच आणि जड मात्र शाळेत नको.

रंगवलेल्या टायरच्या कुंड्यांबद्दल बरेच जण विचारतात. मला त्या आवडत नाहीत. टायरच्या आतल्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं आणि डास होतात. करायच्याच असतील तर आतली कड कापून टाका. आणि फुलझाडांत कण्हेर घेऊ नका. खाऱ्या पाण्यात ती छान तग धरते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि मुलं पानं तोंडात घालतात. कोरफड, बोगनवेल ही त्यामानाने बरी. बोगनवेलीला काटे असतात, ती कडेला लावा.

आता बाक. आपल्याकडे बाक आला की तो मोठ्या माणसाच्या मापाचा, साधारण ४५ सेमी उंच. पहिलीच्या मुलाला बसवून पाहा, पाय लोंबकळतात. मुलांना एकमेकांच्या गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायला लावलं. पहिलीत बरीचशी मापं ३० सेमीच्या जवळ आली. मग आमचे एक पालक गवंडीकाम करतात, त्यांनी उरलेल्या विटांत ३० सेमी उंचीचा एक लांब ओटाच बांधून दिला. खर्च लोखंडी बाकाहून कमी आला.

लोखंडी बाक का तापतो आणि शेजारचं लाकूड का नाही, हा प्रश्न पाचवीला द्या. खरं म्हणजे लाकूडही तापतं, पण लोखंड आपली उष्णता कातडीला झटकन देतं, लाकूड सावकाश देतं. हात लावून पाहायचा प्रयोग सकाळीच घ्या, दुपारी नाही. आणि बाक कुठे ठेवायचा ते माणसांनी नाही, सावलीने ठरवायचं. खडूने दर तासाला निंबाच्या सावलीची कड आखा. मधल्या सुट्टीच्या वेळी जिथे सावली, तिथे बाक.

पण सावली मिळते म्हणून झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचा पार बांधू नका. जुन्या पारांत माती उघडी असायची, आता वरून फरशी येते. मुळांना पाणीही हवं आणि हवाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो याचसाठी. तेवढी माती मोकळी सोडून त्याच्या बाहेर बसायचा कट्टा करा.

राहता राहिली उन्हाळ्याची सुट्टी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, म्हणजे कुंड्या सगळा मे आणि जवळपास सगळा जून एकट्या. लहान डबे तर दोन दिवसांत सुकतात. म्हणून आम्ही चाळीस डब्यांऐवजी सहा मोठ्या कुंड्या ठेवल्या आहेत, व्हरांड्याच्या सावलीत एकमेकींना चिकटून. प्रत्येकीत मधोमध एक लहान, भाजलेल्या मातीचं, बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आहे आणि त्यावर झाकण. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं, वाफेने उडत नाही. शाळेशेजारच्या तीन घरांनी आठवड्यातले दिवस वाटून घेतले, रविवार माझा. यंदा सहापैकी पाच कुंड्या हिरव्या निघाल्या. सहावीतलं मडकं तळाशी तडकलेलं होतं, ते मुलांनीच उकरून शोधून काढलं. आता त्या जागी नवीन मडकं बसवायचं आहे, आणि बसवण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवून ते गळतं का हे पाहण्याची जबाबदारी चौथीने मागून घेतली आहे.