कुत्रा चावला तर

पिसाळलेला कुत्रा चावला, की त्याच्या लाळेतून रेबीजचा विषाणू आपल्या अंगात शिरतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची ठेवण कशी असते, ते आपण पाहू.

मध्ये एक बारीक धागा. नवे विषाणू कसे करायचे, हे त्यात साठवलेलं असतं. त्यावर चरबीचे पातळ आवरण. आवरणावर बारीक काटे.

आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले आहे. विषाणू एकटा वाढू शकत नाही. तो काट्यांनी पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. आगंतुकाने घरात शिरून चूल बळकवावी, तसंच हे! मग पेशी त्याचीच पिलावळ वाढवते. मज्जातंतूंच्या वाटेने तो मेंदू गाठतो. एकदा रोगाची लक्षणे दिसली, की माणूस बहुधा वाचत नाही.

पण या वाटेला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्यात आपण त्याला अडवू शकतो. जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. साबणाने चरबीचे आवरण फुटते. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पूर्वी पोटावर सुया टोचत. आता लस दंडात देतात. मग भ्यायचं कशाला? सगळ्या सुया मात्र ठरल्या दिवशी घ्यायच्या.