वेबसाइटवरचा जुना ऑडिओ प्लेअर बदलताना: आधी ग्राहकाच्या फोनवर ऐका!



माझं मसाल्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. २०१५ मध्ये दुकानाची वेबसाइट केली, तेव्हा प्रत्येक मसाल्याखाली आईच्या आवाजात कृती टाकली होती. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर मस्त ऐकू यायचं. मी खूश!

जानेवारी २०२१ मध्ये प्लेअर बंद पडला. एका ताईंना फोनवर सॉरी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दादा, माझ्या मोबाइलवर ते कधी वाजलंच नाही!"

म्हणजे पाच वर्षं मी एकटाच ऐकत होतो.

कारण साधं होतं. प्लेअर फ्लॅशवर चालणारा होता. आयफोनवर फ्लॅश कधीच चाललं नाही आणि अँड्रॉइडसाठी अॅडोबीने ते २०१२ मध्येच काढून घेतलं. कॉम्प्युटरवरचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला. आपले बहुतेक ग्राहक मात्र मोबाइलवरच!

मग काय करायचं?

१. आधी बॅकअप घ्या. ऑडिओ फाइल्सची नावं आणि जागा बदलू नका, नाहीतर जुन्या लिंक तुटतील.

२. एचटीएमएल५ चा साधा प्लेअर वापरा. तो ब्राउझरमध्येच असतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. वर्डप्रेस असेल तर 'ऑडिओ' ब्लॉक घ्या आणि एमपी३ फाइल टाका. झालं! त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

३. ऑटोप्ले बंद ठेवा. दुपारी ऑफिसमध्ये बसलेल्या ग्राहकाच्या फोनवर अचानक आवाज सुरू झाला, तर तो पान बंदच करणार.

४. 'प्रीलोड' मध्ये 'नन' निवडा. मग बटण दाबल्यावरच फाइल उतरते, ग्राहकाचा डेटा उगाच जात नाही.

५. फाइल हलकी करा. १० मिनिटांचं रेकॉर्डिंग १२८ केबीपीएसला साधारण साडेनऊ एमबी होतं, ६४ ला त्याच्या निम्मं. नुसतं बोलणं असेल तर ६४ आणि मोनो पुरतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होतं.

६. फाइलची लिंक 'एचटीटीपीएस' ने सुरू होते का बघा. नाहीतर ब्राउझर ती अडवू शकतो.

७. खाली दोन ओळीत मजकूरही लिहा. सगळ्यांना ऐकणं जमतंच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काम झाल्यावर स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघून खूश होऊ नका. घरातला सगळ्यात जुना मोबाइल घ्या, वायफाय बंद करा आणि वाजवून बघा. मग एखादा आयफोन मागून घ्या, त्यावरही बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुकानाचं शटर उघडं आहे की नाही, हे आपण रस्त्यावर उभं राहून बघतो ना? वेबसाइटचंही तसंच.

आजच बघा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!